दोदोलाची खरवड

ताटात नेवऱ्या अकरा होत्या, मैद्याची तळलेली कुलकुलं त्रेचाळीस, खोबऱ्याच्या गुलाबी वड्या आठ, रव्याच्या केकचे तुकडे चार, दोदोलाचे काप सात आणि वेलची केळी सहा. वर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. सुगंधाने ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं मोजलं. दर नाताळाला ती असं मोजायची, आणि दर नाताळाला दोदोलापाशी आलं की आकडा मनात दोनदा म्हणायची. सातातला एक नाहीसा झाला तर कुणाच्या लक्षात येईल का, एवढंच त्या मोजण्यात असायचं. ताट घेऊन आलेली फिलू समोर उभी होती. सहा वर्षांची, नवा पिवळा झगा, केसांना खोबरेल इतकं की कपाळावर ओघळ आलेला. कुंपणापलीकडच्या आनमारीमायची ही नात. आईबाप मुंबईला, पोर आजीपाशी मालवणात. "बाई, मोजतास काय?" फिलूने विचारलं. सुगंधा हायस्कुलात रसायन शिकवायची, म्हणून घरच्या ओसरीवरही ती फिलूची बाईच होती. "कुलकुलां मी वळलंय, फणयेर. सरळ आसत ती माजी. वाकडी आजयेची." सुगंधा हसली. "आणि टोपाच्या तळाची खरवड कुणाला?" "खरवड सगळी माका! जेवल्यार देतलंय म्हणता आजी. त्येच्या आदी टोपाक हात लावलंय तर हात मोडतलंय म्हणता." एवढं सांगून फिलू कुंपणाच्या बेचक्यातून पलीकडे गेली. झग्याचं टोक काटेरी फांदीला अडकलं, ते तिने न बघता ओढून घेतलं.

"इला काय गो ताट?" आतून आईचा, राधाबाईंचा आवाज आला. "आत हाडू नको. ओसरेरच ठेव. केळी तेवडी काडून घी." हेही दर वर्षीचंच. दिवाळीत या घरची करंजी पलीकडे जायची, नाताळात पलीकडची नेवरी इकडे यायची. आकार तोच, सारण तेच, कडेची मुरडही तीच. पलीकडे करंज्या खाल्ल्या जायच्या. इकडे ताट दोन्ही हातांनी, आदराने घेतलं जायचं, चार बऱ्या गोष्टी बोलल्या जायच्या, केळी देवापुढे जायची आणि बाकीचं दुपारी भांडी घासायला येणाऱ्या काशीबाईच्या ओच्यात. याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. आनमारीमायला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती ताटात केळी नेहमी सुटी, पानात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती उचलून घेणं सोपं जावं.

सुगंधाने दोदोलाचा एक काप पदराखाली घेतला आणि विहिरीमागच्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. वयाच्या आठव्या वर्षापासून ती हे करत आली होती. आता पंचविसावं. कोल्हापूरला कॉलेजात होती ती चार वर्षं तेवढा खंड. तिथे नाताळाच्या सुमारास तिला भलत्याच वेळी, एखाद्या परीक्षानळीवर झाकण लावताना, दोदोलाचा वास यायचा. तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचा दाट रस, लाकडाच्या लांब दांड्याने चार-चार, पाच-पाच तास घोटलेला. घोटणारीच्या दंडाला गोळे येतात आणि दोदोल काळाकुळकुळीत, मऊ, बोटाने दाबला तर हळूच परत वर येणारा होतो. तिने अर्धा काप तोंडात टाकला. आधी गूळ आला, मग नारळ, मग वेलची. आणि मग, गिळता गिळता, जिभेच्या मुळाशी काहीतरी आलं. ती थांबली. लहानपणी मागल्या दाराची पितळी कडी ती चाटायची, तिची चव. नाही, त्याहून कडक. तोंडाला पाणी सुटत होतं, पण ते भुकेचं पाणी नव्हतं. ही चव तिला नेमकी ठाऊक होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मोरचुदाचं द्रावण नळीने ओढताना एक थेंब वर आला होता. प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला हात धरून बाहेर नेलं आणि दोन पेले दूध पाजलं. दूध पीत असताना ती खिडकीतून रंकाळ्याच्या बाजूला बघत होती आणि तोंडात हेच, हेच होतं. तिने उरलेला अर्धा काप हातात धरून उन्हात पाहिला. काळ्यात काय दिसणार? तिने तोंडातला घास थुंकला, विहिरीच्या पाण्याने चार वेळा चूळ भरली. चव गेली नाही. ओसरीवरच्या घड्याळात अकराचे ठोके पडले.

टोप तिनेच दिला होता. सोळा तारखेला, मंगळवारी. तांब्याचा, दोन हातांनीही कवेत न मावणारा तो टोप या घरचा. लग्नकार्याला, श्राद्धाला भात त्यातच शिजायचा. आनमारीमायकडे एवढं मोठं भांडं कधीच नव्हतं, म्हणून वीस वर्षं दर नाताळाच्या आधी ती मागल्या दारी यायची. "वयनी, टोप व्हरतंय हां." "व्हर गो, व्हर. तुजोच टोप तो." "माजो तर मगे ठेवनच घेतंय." "ठेव की. सुगंधाच्या लग्नाचो भात तुज्या चुलीर रांधूया." "आधी लगीन जमव बाय तिचा! मास्तरीण करून ठेवलंस, आता कोण न्हेतलो तिका? नवऱ्याक छडी मारतली ती." दोघी हसायच्या. त्या दिवशीही हसल्या. आणि सुगंधा माळ्याखाली वाकून टोप ओढत होती तेव्हा उजेड टोपाच्या पोटात पडला आणि तिला तळाशी दोन लाल डाग दिसले. एक तळहाताएवढा, एक त्याच्या दुपटीहून मोठा. कल्हई उडालेली, तांबं उघडं. गळ्यापाशी रिबिटांच्या भोवती हिरवट कड. ती आईच्या कानाशी लागली. "आई, याची कल्हई गेली आहे." राधाबाई तेवढ्याच हलक्या आवाजात म्हणाल्या, "गेली तर गेली. परत इल्यार करूचीच आसा. दोनदोनदा कशाक? आणि त्या आंबट थोडाच रांधतत त्यात? गोडाक काय एक होणा नाय."

परत इल्यार करूचीच आसा. हे वाक्य दगडावर बसलेल्या सुगंधाच्या मनात तसंच्या तसं उमटलं. नाताळ झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोप परत यायचा, चिंच-मीठ लावून लख्ख घासलेला. तो सरळ घरात जायचा नाही. अंगणाच्या कडेला, तुळशीपासून लांब, पालथा पडून राहायचा. मग कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, टोप निखाऱ्यांवर लाल व्हायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, कथलाचा थेंब आत पळायचा आणि कापसाच्या एका फिरकीने काळं पोट चांदीसारखं व्हायचं. लहानपणी तिला वाटायचं कल्हई चमकण्यासाठी असते. मग वाटलं, घरातलं बोलणं ऐकून, की ती विस्तवासाठी असते. विस्तवातून निघालं की भांडं पुन्हा आपलं होतं. तिसरं कारण, तांबं अन्नात उतरू नये हे, तिला पुस्तकाने शिकवलं आणि गेल्या महिन्यात तिने ते नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. म्हणजे टोप वर्षभर या घरात कल्हईचा असायचा आणि झिजत झिजत, अगदी झिजला की, कुंपणापलीकडे जायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी वीस वर्षं ते तसंच होत आलं होतं, कारण टोप दोनदा विस्तवावर चढवण्यात कुणालाच अर्थ दिसत नव्हता. यंदा पावसाळ्यात थोरल्या काकांचं वर्षश्राद्ध झालं, मग सत्यनारायण झाला. टोप नेहमीपेक्षा जास्त झिजला. बस्स, एवढाच फरक.

तिने हिशोब मांडायला सुरुवात केली. मन असं भिरभिरायला लागलं की ती आकड्यांपाशी जायची. उघडं तांबं किती? दोन डाग मिळून चाळीसेक चौरस इंच. आनमारीमायने टोप घासला असणार, जास्तच घासला असणार, दुसऱ्याचं भांडं म्हणून. चिंचेने उरलीसुरली कल्हईही सैल झाली असेल. नारळाचा रस काढून ठेवला, तो थोडा आंबला असेल. पाच तास उकळी. आणि घोटून झाल्यावर दोदोल रात्रभर त्याच टोपात निवायला ठेवतात. एका कापात किती उतरेल? मोठ्या माणसाला मळमळ होईल, फार तर एखादी उलटी. सणाच्या खाण्यात ते खपून जाईल. पण हे वरच्या दोदोलाचं झालं. तळाशी, तांब्याला चिकटून, करपलेला जो थर राहतो, चिवट, खरपूस, ज्याला दोदोलाहून जास्त चव असते, तो थर पाच तास आणि एक रात्र त्या डागांवर बसलेला. तिला तो थर तोंडपाठ होता. दहा नाताळ तो तिचा होता. आनमारीमाय तिला मागल्या दारातून आत घ्यायची, टोपाशेजारी पाटावर बसवायची, हातात शिंपला द्यायची. "खरवड पोरांची. खा. तुजे आवशीक सांगणा नाय मी." तांब्यावर शिंपला खरवडला की कर्र आवाज यायचा, त्याने दात आंबायचे, आणि ती हसत हसत खात राहायची. आनमारीमायच्या स्वयंपाकघरात जळक्या करवंट्यांचा धूर, भिंतीवर मेणबत्तीपाशी देवमातेची तसबीर, आणि बाई घामाघूम होऊन गुणगुणते आहे. त्या घरात खाल्लेलं तिला कधी बाधलं नव्हतं. तिच्या वेळी टोपाची कल्हई झिजलेली असली तरी इतकी उडालेली नसायची, एवढंच.

जेवल्यार देतलंय म्हणता आजी. सव्वाअकरा. पलीकडे साडेबाराला जेवतात. कुंपणाच्या बेचक्यातून गेलं तर तीस पावलं. सुगंधा उठली आणि ओसरीवर आली. ताटातल्या दोदोलाच्या सहा कापांकडे पाहिलं, ते उचलले, मागे जाऊन माडाच्या आळ्यात खड्डा केला आणि पुरले. काशीबाईच्या घरी चार लेकरं. हे करताना तिचे हात सराईतपणे चालले, जणू वर्ग संपल्यावर ती टेबलावरची बाटली जागेवर ठेवत होती. मग हात धुतले. मग कुंपणाकडे वळली आणि तिथेच उभी राहिली.

काय सांगायचं? दोदोल खाऊ नका, टोपाची कल्हई गेली आहे. कशावरून? मी पाहिलं. कधी पाहिलंस? द्यायच्या आधी. मग दिलास कशाला? इथपर्यंत ती मनात येत होती आणि इथेच अडत होती, कारण पुढचं उत्तर एकच होतं. तुमच्याकडून परत आल्यावर करायचीच असते म्हणून. हे वाक्य वीस वर्षं दोन्ही घरांच्या मध्ये होतं, आणि दोन्ही घरं त्याला वळसा घालून एकमेकांकडे जात-येत होती. आनमारीमायला ठाऊक होतं. कल्हईवाल्याचा भाता तिच्या पडवीतून दिसायचा. पण ठाऊक असणं वेगळं आणि जिला तिने मांडीवर घेतलं त्या सुगंधाने तिच्या तोंडावर ते म्हणणं वेगळं. कारण वेगळं सांगता येईल, तिने स्वतःला सांगितलं. पाल पडलेली दिसली म्हणावं. पण टोप तर त्यांच्या घरात आहे, पाल मी कुठून पाहणार? नुसतं म्हणावं, खरवड देऊ नका, पोटाला जड. आनमारीमाय हसेल. तू दहा वर्षं खाल्लंस ती? पलीकडून ताटल्यांचा आवाज आला. कुणीतरी पेटीवर नाताळचं गाणं वाजवत होतं, त्याच त्या चार सुरांवर अडखळत होतं. पाहुणे आलेले दिसत होते. चारचौघांत कसं बोलायचं? त्यातही, मी चुकत असेन. एका घासाच्या चवीवरून निदान करायचं नसतं, हे तीच मुलांना सांगायची. चव हा पुरावा नव्हे. नमुना हवा, परीक्षा हवी. तिला हे पटलं, आणि पटल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला भीती वाटली. ती उभी होती. माडाच्या सावलीने तिचं पाऊल ओलांडलं. मग कुंपणापलीकडून शिंपल्याचा आवाज आला. कर्र. थोडं थांबून, कर्र.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला पलीकडे कुणीतरी ओकत होतं. राधाबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "त्येंचो सण झालो. आता चार दिवस पोटां धरून बसतली सगळी." सुगंधाने आईच्या हातातली वात पाहिली, तिची जाडी, तिचा पीळ. ओकारीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. लहान मुलाच्या ओकारीचा आवाज मोठ्या माणसापेक्षा वेगळा असतो. त्यात शेवटी एक प्रश्न असतो.

सव्वीस तारखेला सकाळी ती गेली. आनमारीमाय दारातच होती, केस विस्कटलेले, तरी हसली. "ये गो बाय. बघ ह्या चेडवाक. हावरा मेला! टोप असो चाटल्यान की माका घासूक सुदीक ठेवक नाय." फिलू खाटेवर होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ कोरडे. "बाई," ती म्हणाली, "मी सगळी खाल्लंय. तुमका ठेवक नाय." आणि रडू लागली, अगदी हळू, त्राण नसलं की रडतात तसं. खाटेखाली एनॅमलचं पांढरं भांडं होतं. सुगंधाने वाकून पाहिलं. तळाशी थोडं पाणी होतं, हिरवट निळं. मोरचुदाचं फिकट द्रावण. बाटलीवर नाव लिहिलेलं नसतं तरी तिने फडताळात ते बरोबर जागी ठेवलं असतं. "डॉक्टर आले होते?" "येवन गेले. अजीर्ण म्हणाले. गोळये दिले. आज काय एक देव नको म्हणाले, पेज सुदीक नको." "दूध द्या," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "दूध आणि अंड्यातलं पांढरं. आत्ता द्या." आनमारीमायने तिच्याकडे पाहिलं. "दूध तर अगदीच देव नको म्हणाले. कित्याक गो?" आता. आता सांगायचं होतं. भांडं समोर होतं, रंग समोर होता, पुरावा हवा होता तो हाच. सुगंधाच्या घशाशी वाक्य आलं, टोप या शब्दापर्यंत आलं, आणि आनमारीमाय म्हणाली, "तुजे आवशीक सांग, टोप उद्या देतंय. तिच्या टोपाविना आमचो नाताळ होयत काय? अकरा घरांत दोदोल गेलो. सगळी म्हणतत, आनमारी, यंदा रंग काय इलोहा!" सुगंधा म्हणाली, "सांगते." मग म्हणाली, "मला शाळेत जायचंय." सुट्टी चालू होती. आनमारीमायच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

ती खरंच शाळेत गेली. किल्ली तिच्याकडे असायची. प्रयोगशाळेत बंद खिडक्यांचा, लाखेचा आणि उंदरांचा वास. ती स्टुलावर बसून राहिली. फडताळातल्या निळ्या बाटलीवर तिच्याच अक्षरात विष असं लिहिलेलं होतं. बाजारातून येताना तिने ऐकलं होतं, दत्ताराम शिंप्याकडे दोघांना उलट्या झाल्या, बरे आहेत. म्हणजे वरच्या दोदोलाने इतकंच. तिने डोळे मिटले तर तिला स्वतःचा हात दिसायचा, टोपाचा काठ धरलेला, तो पुढे करणारा. त्या हाताच्या पलीकडे आनमारीमायचे हात. दोन्ही हात क्षणभर एकाच काठावर होते. ती क्षणभराची जागा तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिली, आणि प्रत्येक वेळी टोप पुढेच गेला.

सत्तावीसला सकाळी आनमारीमाय कुंपणापाशी आली. पदर डोक्यावर नव्हता. "वयनी, फिलूचे डोळे पिवळे झाले गो. काल दुपारपासून लघवी नाय. जरा झाली ती चायसारकी, काळी." राधाबाई पुढे झाल्या. "कावीळ ती. भियां नको. शिरोड्याक एक बाय आसा, पालो देता. आमच्या गड्याक, परशुरामाक धाडतंय मी सायकल घेवन." त्यांचा हात कुंपणावरून पलीकडे गेला आणि आनमारीमायच्या मनगटावर बसला. सुगंधाने तो हात पाहिला. मग ती चपला न घालता निघाली.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून पान खात होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लाल डाग, त्यांचा आकार, पाच तास, रात्रभर, खरवड, भांड्यातला रंग. सांगताना वाक्यं नीट लागली, फळ्यासमोर लागतात तशी. डॉक्टर पान चघळायचे थांबले. "टोप कुणाचा?" "आमचा." "तुम्ही शास्त्र शिकवता ना?" "हो." "हे लक्षात कधी आलं तुमच्या?" "पंचवीसला. सकाळी अकरा वाजता." ते पायरीच्या कडेला जाऊन थुंकले. "त्या दिवशी पोट धुता आलं असतं," ते म्हणाले. "मी तरी काय, अजीर्ण म्हणून दूध तोडलं. आता ते तांबं रक्तात आहे. रक्त फुटतंय, त्याची घाण मूत्रपिंडात अडकतेय. बेळगावला न्यायचं तर एस.टी.चे धक्के आठ तास. वाटेतच..." त्यांनी हात झटकला. "मोजायला येतं ना तुम्हाला? मग लघवी मोजा. थेंबन्थेंब. चोवीस तास. एवढ्या मुलीला दिवसाला पाचशे घन सेंटिमीटर तरी व्हायला हवी. दोनशे झाली तरी मी म्हणेन, पोर तरेल. शंभराच्या आत राहिली, तर माझ्याकडे येऊ नका. पाद्रींना बोलवा."

ती घरी आली आणि आईला सांगितलं. राधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सूप मांडीवर तसंच राहिलं. "चवीवरून कळला तुका?" त्यांनी विचारलं. "हो." "म्हणजे तू खाल्लंस. त्येंचा." "आई, फिलू मरेल." "मी काय म्हणतंय ता तुका कळणा नाय," राधाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "तू आधीपासून खातंस. तुका काय झाला नाय. मगे तिका कशाक होतला? गोडाक काय होणा नाय. माजे आवशीन सांगितल्यान माका." त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, पण बोटं खडे उचलून पुन्हा तांदळातच टाकत होती.

प्रयोगशाळेतून आणलेलं शंभराचं मोजपात्र टॉवेलात गुंडाळून सुगंधा पलीकडे गेली. आनमारीमाय खाटेच्या पायथ्याशी जपमाळ घेऊन बसली होती. कोपऱ्यात टोप पालथा होता, चिंचेने घासलेला, बाहेरून उगवत्या सूर्यासारखा. सुगंधा जमिनीवर बसली आणि बोलली. जे वाक्य तीन दिवस घशात होतं तेही बोलली, तसंच्या तसं, परत इल्यार करूचीच आसा. आनमारीमायची बोटं एका मण्यावर थांबली. बाहेर कुणाची कोंबडी ओरडत होती, ती ओरडायची थांबेपर्यंत ती बोटं तिथेच होती. "ता माका म्हायत होता," ती म्हणाली. "कल्हयेचा. वीस वर्सां. माका वाटायचा, असूंदे, त्येंचो धरम." मग मणी पुढे सरकला. "पण तुका म्हायत होता ता माका म्हायत नाय होता." तिने सुगंधाला जा म्हटलं नाही. उठून तिने चुलीपाशी पाणी तापत ठेवलं, आणि थोड्या वेळाने खाटेखालचं भांडं स्वतः उचलून सुगंधाच्या हातात दिलं, बघायला.

दुपारी बारा वाजता मोजायला सुरुवात झाली. फिलू बहुतेक वेळ झोपलेली असायची. पापण्यांच्या फटीतून पिवळं दिसायचं. जागी झाली की पाणी मागायची, आणि एकदा म्हणाली, "बाई, शाळेत किती पावेतो मोजूक शिकयतत?" "शंभर," सुगंधा म्हणाली. "माका येता शंभर. अठ्ठावनार चुकतंय." तिने मोजून दाखवलं, एकोणतीसपर्यंत आली आणि झोपली. तिचे पाय सुजायला लागले होते. सुगंधाने अंगठ्याने नडगी दाबली, खळगा पडला, आणि तो भरून येईपर्यंत ती बघत राहिली. दोदोल दाबला की परत वर येतो तितक्या वेळात तो आला नाही. राधाबाई संध्याकाळी कुंपणातून आल्या. या घरात त्या कधी आल्या नव्हत्या. दारातल्या दारात उभ्या राहिल्या, मग आत आल्या आणि आनमारीमायशेजारी भिंतीला टेकून बसल्या. चहा दिला तेव्हा राधाबाईंनी कप घेतला, आणि तोंडाला लावला, आणि प्याल्या. आनमारीमायने ते पाहिलं नाही. ती पोरीच्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चची घंटा झाली, लोक रस्त्याने गेले, परत आले. पाद्री दारावरून जाताना थबकले, आनमारीमायने मान हलवली, ते आत आले नाहीत. बारा वाजता सुगंधाने भांड्यात जमलेलं सगळं मोजपात्रात ओतलं. भांड्याला काही चिकटून राहू नये म्हणून काचकांडीने ओघ धरला. मोजपात्र खिडकीच्या फळीवर ठेवलं, फळी सपाट आहे का पाहिलं, पृष्ठभाग स्थिर होईपर्यंत थांबली, गुडघ्यावर बसून डोळा रेषेच्या पातळीत आणला. रंग कोऱ्या चहापेक्षा गडद होता. "किती गो?" आनमारीमायने मागून विचारलं.

"एकोणीस घन सेंटिमीटर," सुगंधा म्हणाली.